डेनमारकरांच्या घंटेचा मानकरी

भिकाजी पिलणकरांनी इंगेरबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते देवळाच्या छपरावर होते, आणि तरीही तिचा चेहरा बघायला मान वर करावी लागली, असं ते आजही छातीवर हात ठेवून सांगतात. माकडांनी फोडलेली कौलं बदलायला ते चढले होते. सड्यावरून, म्हणजे वाडीबाहेरच्या उघड्या कातळमाळावरून, एक गोरी बाई चालत येत होती. तिच्या सावलीत दोन गुरं आणि एक रिक्षा विसाव्याला थांबली होती. पाठीवर इतकं मोठं बोचकं, की मागून बघणाऱ्याला वाटावं बाईंनी बिऱ्हाड हलवलंय. उन्हाने तिचा रंग उकडलेल्या कोळंबीसारखा झाला होता. वाडीतला टायगर हा कुत्रा तलाठ्यापासून आमदारापर्यंत कुणाला सोडत नसे. तो तिला बघून जो सुटला तो तिसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कारखान्यामागे सापडला. बाई खाली येऊन उभी राहिली, "हॅलो" म्हणाली, आणि त्या आवाजाने तीन कौलं घरंगळली. चौथं भिकाजींनी घट्ट धरून ठेवलं. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला एवढं कळतं, की धक्का बसला तर हाताला लागेल ते धरायचं आणि चेहरा असा ठेवायचा की हे आपल्याच सांगण्यावरून झालं.

त्यांची बायको कमळा म्हणते, बाई साडेपाच फुटांची होती, कौलं आधीच फुटकी होती, आणि कुत्रा दर मार्गशीर्षात मिरकरवाड्याला जातोच.

आता देवळाबद्दल. रत्नागिरीहून एस.टी.ने पाऊण तास आणि पुढे सड्यावरून पायी वीस मिनिटं गेलं की सडेकोंड लागतं. वाडीच्या टोकाला जांभ्या दगडाची एक लांबट इमारत आहे. छप्पर वाजवीपेक्षा उंच आणि उतरतं, शेजारी दोन जाड खांबांच्या मध्ये टांगलेली घंटा. हे डेन्मार्कच्या लोकांनी बांधलेलं ल्युथरन चर्च. सडेकोंडात भंडारी आहेत, कुणबी आहेत, ओढ्यापलीकडे बौद्धवाडी आहे. ल्युथरन औषधालाही नाही. पण कोकणात कुठल्याही बंद दारापुढे कुणी चार दिवस दिवा लावला की पाचव्या दिवशी तिथे देव राहायला येतो, आणि सहाव्या दिवशी त्याचा मान कुणाकडे यावरून भांडण सुरू होतं. चर्चचंही तेच झालं.

डेन्मार्कची तीन कुटुंबं १९०२ साली इथे उतरली ती लोणी काढायला. मुंबईत त्यांना कुणा साहेबाने सांगितलं होतं की रत्नागिरीच्या बाजूला गाई अमाप आहेत. साहेबाने गाई मोजल्या होत्या, दूध मोजलं नव्हतं. डेन्मार्कची गाय म्हणजे चालती विहीर. आमची कोकणी गाय उंचीला शेळी आणि स्वभावाने वकील. सकाळी पावशेर देते आणि संध्याकाळचं विचार करून सांगते. त्या बिचाऱ्यांनी साई काढायचं यंत्र बोटीतून आणलं होतं. ते यंत्र एकदा फिरवायला लागेल इतकं दूध जमवताना पाच वाड्या पालथ्या घालाव्या लागत. तरीही त्यांनी लोणी काढलं, पिंपात भरलं, मुंबईला धाडलं. मे महिना होता. मुंबईत पिंप उघडलं तेव्हा आत पातळ पिवळं पाणी डुचमळत होतं. बातमी कळल्यावर त्यांचा मुख्य, मदसेनसाहेब, डोकं धरून बसला. त्याचा गडी जानू पिलणकर, म्हणजे आमच्या भिकाजींचा आजा, त्याची समजूत घालत होता, "साहेब, लोण्याचं तूप झालं. ही प्रगती हाय."

साहेबाला ही प्रगती पटली नाही. पण तोवर मेव्हण्याने चर्च बांधायला घेतलं होतं. मेव्हणा पाद्री होता. छप्पर त्याने बर्फ घसरून पडावं म्हणून उतरतं केलं. बर्फ काही आलं नाही, पण कोकणातल्या पावसाला ते इतकं मानवलं की आजूबाजूची चार देवळं गळतात आणि हे गळत नाही. आत छताला त्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे एक हातभर लांबीचं लाकडी जहाज टांगलं. १९०९ साली तिन्ही कुटुंबं बोटीत बसून निघून गेली. यंत्र गंजलं, गाई सुखी झाल्या, चर्च राहिलं. आणि कोकणी माणूस आडनावाशी झटापट करत नाही. जिथला माणूस, त्या गावाला 'कर' लावला की झालं. डेन्मार्कहून आले ते डेनमारकर. त्यांचा देव तो डेनमारकर महाराज. मूर्ती नसल्यामुळे लोक जहाजाकडे बघून हात जोडू लागले. मिरकरवाड्यातले तांडेल, म्हणजे मच्छीमार होड्यांचे म्होरके, अजूनही नारळी पुनवेला येऊन त्या जहाजाला नारळ दाखवून जातात. जहाजाने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही.

वर्षातून एकदा, चोवीस डिसेंबरच्या तिन्हीसांजेला, तिथे घंटेची जत्रा भरते. अंगणात सुरूची हिरवी फांदी रोवतात. सगळे हातात हात घालून तिच्याभोवती फेर धरतात आणि जाखडी नाचाची गाणी म्हणतात. मग तांदळाची खीर. एका मोठ्या टोपातल्या खिरीत एकच अख्खा काजूगर टाकलेला असतो. तो ज्याच्या वाटीत येईल तो त्या वर्षाचा मानकरी. त्याने महाराजांना गाऱ्हाणं घालायचं आणि घंटा वाजवायची.

पद्धत अशी सरळ, पंचांच्याही वरची. फक्त एक गोष्ट होती. गेली एकशेवीस वर्षं तो काजू पिलणकरांच्याच वाटीत येत होता. आधी जानूच्या, मग जानूच्या मुलाच्या आणि १९८१ पासून भिकाजींच्या.

"देवाची मर्जी," भिकाजी म्हणत.

"खीर तुमच्या घरी शिजते ना?" प्रमोद मायनाक विचारी. प्रमोद म्हणजे वाडीतला होमस्टेवाला, वय पंचेचाळीस, गळ्यात साखळी, डोळ्यांत संशय.

"घरात शिजते, पण मर्जी देवाची."

"एका वर्षी तुम्हाला ताप होता. एकशे तीन. पलंगावर वाटी पाठवली तरी काजू तुम्हाला."

"देव आजाऱ्याला जास्त बघतो रे मेल्या."

खरी गोष्ट भिकाजी आणि कमळा सोडून कुणाला ठाऊक नव्हती. म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होती, पण पुरावा नव्हता. तो काजू कधी टोपात गेलाच नव्हता. चोवीस तारखेला सकाळी अंघोळ झाली की भिकाजी डब्यातला सगळ्यात देखणा काजूगर निवडून शर्टाच्या खिशात टाकत. संध्याकाळी खिरीचा दुसरा चमचा झाला की हात खिशाकडून तोंडाकडे जाई, चेहऱ्यावर भोळं आश्चर्य येई आणि आरोळी उठे, "गावला!" जानूने बापाला शिकवलं, बापाने त्यांना शिकवलं. घराण्याची विद्या.

मग ते घंटेपाशी जात आणि दोन टोले देत. टण टण. एस.टी.त डबल बेल म्हणजे गाडी सोडा. गाडी नव्हती, पण एकतीस वर्षांच्या हाताला दुसरं काही येत नव्हतं. त्या दोन टोल्यांपुरती भिकाजींना सगळी वाडी ओळखायची. बाकी वर्षभर ते कोण होते? रिटायर झालेला, गुडघे धरलेला, बायकोने बाजाराची पिशवी हातात दिली की मुकाट चालू लागणारा माणूस. मुलगा निलेश पनवेलला, फोन रविवारी. भिकाजी पिलणकर ही व्यक्ती चोवीस डिसेंबरला सव्वासहा वाजता जन्माला येत असे आणि साडेसहाला मावळत असे. तो पाव तास गेला असता तर त्यांच्याकडे फक्त पिशवी उरली असती.

इंगेरबाई त्या पाव तासावर चालून आली होती. ती मदसेनसाहेबाची पणती, तिकडची निवृत्त शिक्षिका. चर्चला एकशेवीस वर्षं झाली म्हणून तिला त्याचा इतिहास लिहायचा होता. बोचक्यात बिऱ्हाड नव्हतं; तिच्या पणजीने इथून घरी धाडलेली पत्रं होती, सगळी डेन्मार्कच्या भाषेत. ती प्रमोदच्या होमस्टेत उतरली. प्रमोदचं इंग्रजी सुरमई, पापलेट आणि 'हॉट वॉटर मॉर्निंग ओन्ली' इथवरच पोचत असल्यामुळे पत्रात काय आहे हे त्याला कळायचा संभव नव्हता. हे पिलणकरांचं नशीब.

बाईचं बोलणं मराठीत आणायला हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाई, रेणुका सकपाळ, यांना बोलावलं. रेणुका बौद्धवाडीतली. चाळिशीची, बारीक, आणि जिभेला इतकी धार की तिच्या वर्गातली पोरं पेन्सिलीला टोक करायला तिच्याकडे जात, असं म्हणतात. एरवी भिकाजी तिला "काय गो रेणुका" म्हणत. काम असलं की "रेणुका मॅडम".

पंधरा डिसेंबरला भिकाजींच्या पडवीत बैठक बसली. कमळाने कोकम सरबत दिलं. इंगेरबाईने ते पिऊन आणखी मागितलं आणि कमळाच्या मनातली जागा कायमची मिळवली. मग बाईने पत्र काढलं, चष्मा लावला, एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागली.

"चर्चमधल्या पहिल्या नाताळचं पत्र आहे," रेणुका म्हणाली. "एकोणीसशे चार. लिहिलंय, आमचा गुराखी जानू..."

"गुराखी? कारभारी असेल. नीट बघ."

"गुराखीच म्हणतायत बाई."

"बरं, पुढं."

"आमच्याकडे नाताळला खिरीत एक बदाम लपवायचा खेळ असतो. लहान मुलांचा. इथे मी बदामाऐवजी काजू घातला. तो जानूला मिळाला. ज्याला मिळेल त्याला आमच्यात बदामाच्या पिठाचं गोड डुक्कर बक्षीस देतात. मी गुळाचं केलं होतं." रेणुका थांबली. ओठ दाबून हसू आवरत होती. "जानू इतका खूश झाला की त्याने ते डुक्कर शेपटीकडून खायला सुरुवात केली."

भिकाजींनी सरबताचा पेला खाली ठेवला. "आणि घंटा?"

"घंटेचं काही नाही काका. डुक्कर फक्त."

"असं कसं? माझा बाप सांगायचा, मडमेने आज्याच्या हातात दोरी दिली!"

रेणुकाने बाईला विचारलं. बाईने दुसरं पत्र काढलं, बोट ओळीवर ठेवलं, सांगितलं. आणि या वेळी रेणुकाने लगेच मराठी केलं नाही. तिने बाईला तेच पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. कमळा आतून येऊन दारात उभी राहिली.

"काय बोलली ती?" भिकाजी म्हणाले.

"घंटा सखू वाजवते," रेणुका हळूहळू म्हणाली. "ओढ्यापलीकडची. तीन, मग तीन, मग तीन, असे नऊ ठोके देते. रत्नागिरीत तिच्याइतकं वेळेचं माणूस मी पाहिलं नाही. वर चढून यायला तिला गावातल्या वाटेने येऊ देत नाहीत, म्हणून ती ओढ्यातून येते. पावसातसुद्धा वेळ चुकवत नाही." बाईने शेवटचं पत्र काढून सांगितलं. "आणि या शेवटच्या पत्रात आहे, आम्ही निघालो. किल्ली आणि घंटा सखूच्या ताब्यात दिली आहे."

सखू ही रेणुकाची पणजी. रेणुकाची आजी सांगायची, आमची सखू साहेबाच्या देवळात घंटा वाजवायची. वाडी म्हणायची, सांगतात आपलं काहीतरी. किल्ली सखूच्या हातातून जानूच्या कनवटीला कशी गेली याबद्दल पत्रं गप्प होती. सडेकोंडात कुणालाही ते पत्रातून कळायची गरज नव्हती.

इंगेरबाईने चष्मा काढून विचारलं, काही चुकलं का? रेणुका तिला म्हणाली, नाही, फार बरोबर आहे.

बाईचा बेत ठरला होता. चोवीस तारखेला, फेर झाला की खिरीच्या आधी, सगळ्या लोकांपुढे हा इतिहास वाचायचा. ती इंग्रजीत, रेणुका मराठीत.

पुढचे नऊ दिवस भिकाजींनी जे काही केलं त्याला इतिहासात लाचलुचपत आणि कोकणात शेजारधर्म म्हणतात. पहिल्या दिवशी बौद्धवाडीत फणसाची साठं गेली. दुसऱ्या दिवशी आमसुलं. तिसऱ्या दिवशी सुक्या बांगड्यांची जुडी, ती स्वतः भिकाजी घेऊन गेले, गुडघे धरत, ओढा ओलांडून.

"रेणुका मॅडम, जरा चव बघा."

"काका, मॅडम कधीपासून?"

"शिक्षकाला मान द्यायलाच पाहिजे."

"मान!" ती हसली. "बसा. चहा घ्या. आणि हा तुमचा आमसुलाचा डबा. रिकामा परत करत नाही, लसणीची चटणी घातलीय."

भिकाजी बसले. त्या घरात ते अठ्ठेचाळीस वर्षांनी आले होते. याआधी रेणुकाच्या आजोबांच्या वेळी आले होते तेही उभ्या उभ्या. चहा घशाखाली गेल्यावर ते म्हणाले, "त्या पत्रातलं एक पान गळलं तर इतिहासाला काय होतंय? इतिहासाची अशी किती पानं गळतात."

"मी भाषांतर करते, वशिला नाही लावत."

"तसं नव्हं गो. मला दुसरं काय हाय, सांग? पाव तास."

रेणुकाच्या डोळ्यांतली धार जरा खाली झाली. "असं करू," ती म्हणाली. "त्या पानावर आले की मी तुमच्याकडे बघेन. तुम्ही मान हलवलीत तर वाचेन. नाही हलवलीत तर पान उलटेन. बाईला मराठी येत नाही, आणि तिचं तिकडच्या वळणाचं इंग्रजी माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही."

भिकाजी सुटल्याच्या आनंदात ओढा उतरले आणि अर्ध्या ओढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की पोरगीने सगळं ओझं आपल्याच टाळक्यावर ठेवलंय. घरी येऊन कमळाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मग हलवा मान," ती म्हणाली.

"तुझं काय जातंय!"

"माझं? अवो, त्रेचाळीस वर्षं चोवीस तारखेला तुमच्या शर्टाचा खिसा मीच धुते. तेलाचा डाग पडतो काजूचा. तुम्ही एस.टी.त बिनतिकीट माणसाला भर पावसात खाली उतरवायचात. सावर्ड्याच्या घाटात एका म्हातारीला उतरवलंत, तेव्हा दोन दिवस छाती काढून चालत होतात. आणि इथं आजा, बाप, तुम्ही, तिघं एका गाडीत, आणि तिकीट एकाचंही नाय."

भिकाजी जेवले नाहीत. म्हणजे दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

चोवीस तारीख आली. अंगणात सुरूची फांदी रोवली, मुंबईकर चाकरमानी सुट्टी काढून आले होते, अडीचशे माणूस जमलं. फेर सुरू झाला तशी इंगेरबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली. मग तिने रेणुकाला सांगितलं की तिच्या घरी नाताळात असाच झाडाभोवती हात धरून फेर धरतात, अगदी असाच, आणि तीही एका बाजूने कमळा आणि दुसऱ्या बाजूने प्रमोद यांना धरून नाचू लागली. प्रमोदचे पाय अधूनमधून जमिनीला लागत होते.

मग वाचन. गाईंचा भाग आला तेव्हा लोक हसून लोळले. तुपाच्या प्रगतीला टाळ्या पडल्या आणि भिकाजींच्या पाठीवर थापा. छपराचं, जहाजाचं, सगळं झालं. रेणुकाने एक कागद खाली ठेवला, दुसरा उचलला आणि भिकाजींकडे बघितलं.

भिकाजींची मान म्हणजे त्या क्षणी जांभा दगड होती. खाली होईना, वर होईना. सगळी वाडी बघत होती, प्रमोद बघत होता. रेणुका थांबली, तिने मनातल्या मनात पाच मोजले असावेत, मग शांतपणे पान उलटलं आणि पुढचं वाचू लागली. १९०९ साली डेनमारकर बोटीत बसले. इतिहास समाप्त.

सुटलो! भिकाजींना वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. ती होईना. त्यांनी रेणुकाकडे बघितलं. ती बौद्धवाडीतल्या बायकांत जाऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर भिकाजींनी वर्षभर तिच्याशी भांडून दिवस काढले असते.

खीर वाढली. पहिला चमचा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. लोक भिकाजींच्या तोंडाकडे बघत होते.

"काय हो भिकाकाका," प्रमोद ओरडला, "या वर्षी देवाला उशीर झाला?"

भिकाजी उठले. खिशात हात घातला, सगळ्यांच्या देखत, आणि काजू काढून आत जहाजाखालच्या पाटावर ठेवला. लोकांनी आपल्या सवयीने ओरडून घेतलं, "गावला!" भिकाजींनी हात जोडले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. गाऱ्हाण्याची रीत अशी, की मानकऱ्याने एकेक वाक्य बोलायचं आणि सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करायचं. शिक्का एकदा पडला की पडला. देवासमोर दिलेला होकार मागे घेता येत नाही.

"बा डेनमारकर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी सगळी लेकरं तुझ्या दारात उभी हायत. त्यांना सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"दर्यावरच्यांना सुखरूप आण. मुंबईवाल्यांच्या नोकऱ्या टिकव. माकडांना दुसऱ्या गावाची वाट दाखव."

"व्हय म्हाराजा!" हे जरा मनापासून.

भिकाजींचा आवाज चढला. "आणि म्हाराजा, तुझ्या खिरीतला काजू कुणी शर्टाच्या खिशातून आणला असेल..."

"व्हय म्हाराजा!"

"एक वर्ष नाय, त्रेचाळीस वर्षं आणला असेल..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या बापानं न् आज्यानं पण हाच धंदा केला असेल, न् आज्याला घंटा नाय, गुळाचं डुक्कर मिळालं असेल..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि घंटेचा मान पयल्यापासून ओढ्यापलीकडच्या सखूचा असेल, न् आम्ही तिच्याकडनं तो हिसकून घेतला असेल, तर तो ज्याचा त्याला आज परत मिळूं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा होकार सगळ्यात मोठा झाला, कारण गाऱ्हाण्याचा शेवट मोठ्याने करायचा असतो. त्याचा आवाज सड्यावर जाऊन परत आला, तेव्हा कुठे अडीचशे माणसांच्या डोक्यात शिरलं की आपण कशाला होकार दिलाय. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "काय बोलला रे तो?" शेजारी म्हणाला, "काय ते आपल्याला ठाऊक होतंच की."

कमळाने पदराने नाक पुसलं. इंगेरबाईला वाटलं हाही पूजेचा भाग, तिने टाळ्या वाजवल्या.

भिकाजींनी रेणुकाला घंटेपाशी नेलं आणि दोरी तिच्यापुढे धरली. "घे गो."

"काका, मी मागितली नव्हती."

"मागायची कशाला? तुझीच हाय. घे लवकर, नायतर माझा हात डबल बेल देऊन मोकळा होईल."

रेणुकाने दोरी घेतली. तिने मोजून नऊ ठोके दिले. तीन. मग तीन. मग तीन. बौद्धवाडीतल्या बायका पहिल्यांदाच देवळाच्या पायरीच्या वर येऊन उभ्या होत्या. भिकाजी आपल्या वाटीतली गार खीर संपवत होते. टोप पुसून झाला तरी काजू काही कुणाला मिळाला नाही, कारण तो पाटावर होता, आणि तिथून तो टायगरने नेला.

चर्चचा इतिहास इथे संपायला हरकत नव्हती. पण कोकणात काही संपत नाही, त्याची बैठक लागते.

जानेवारीत गावकीची बैठक लागली. प्रमोद मायनाक उभा राहिला आणि म्हणाला, झालं ते चांगलंच झालं, आमचा कुणाला विरोध नाही, पण पद्धत काहीतरी ठरवायला हवी. असं एका घरात मान ठेवणं आजच्या काळात बरं दिसत नाही. एकशेवीस वर्षं पिलणकरांच्या घरात तो मान होता तेव्हा पद्धत कुणाला आठवली नव्हती. सखूचं नाव निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती सगळ्यांना एकदम आठवली. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. कुणी म्हणालं वाड्यांची पाळी लावा. कुणी म्हणालं, गाऱ्हाण्याला होकार दिला खरा, पण मानकऱ्याच्या वाटीत काजू आलाच नव्हता, तेव्हा ते गाऱ्हाणंच धरता येत नाही.

भिकाजी बोलायला उठले. "शिक्का पडलाय," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी ओरडून पाडलाय."

"तुम्ही गप्प बसा हो," प्रमोद म्हणाला. "तुमच्याच काजूमुळे झालं सगळं."

सात जणांची समिती नेमली. निर्णय होईपर्यंत कुणी वाद घालू नये म्हणून घंटा उतरवून ठेवायचं ठरलं. जूनमध्ये शिक्षणसंस्थेने रेणुकाची बदली सावर्ड्याच्या हायस्कूलला केली. निरोपाला भिकाजी फणसाची साठं घेऊन गेले, ती तिने ठेवून घेतली. समितीच्या आतापर्यंत दोन बैठका झाल्या. दुसरीला कोरम नव्हता. इंगेरबाईचं पुस्तक ऑक्टोबरमध्ये टपालाने आलं. बहात्तर पानं, डेन्मार्कच्या भाषेत. सखूवर चार पानं आहेत, असं बाईने सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. भिकाजींनी ते टीव्हीवर ठेवलं आहे.

पुढच्या चोवीस डिसेंबरला फेर झाला, खीर झाली. घंटा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झेरॉक्स मशीनच्या शेजारी होती, आणि कार्यालय पाच वाजता बंद होतं.